दुपारनंतर रेंगाळणारा चार्ट

सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा चार्ट झकास चालत असतो. स्क्रिप बदलली की डोळ्याचं पातं लवायच्या आत नवा आलेख समोर. अकराच्या सुमाराला माउस किंचित अडखळायला लागतो. साडेबारापर्यंत एका शेअरवरून दुसऱ्यावर जायला दोन-तीन सेकंद लागतात. आणि अडीच वाजता, इंट्राडेवाल्याला पोझिशन कापायची घाई असते नेमक्या त्याच वेळी, पडदा गोठतो. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं की सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो रॅम वाढवण्याचा आणि दुसरा नवा कॉम्प्युटर घेण्याचा. दोन्ही खर्चिक आहेत आणि बऱ्याचदा वायाही जातात. जो चार्ट सकाळपासूनच हळू चालतो, त्याला यंत्राची ताकद कमी पडत असते. पण जो सकाळी पळतो आणि दुपारी रेंगाळतो, त्याच्या यंत्राची ताकद सहसा दुपारीही सकाळइतकीच असते. मधल्या काळात काम वाढलेलं असतं, नाहीतर काहीतरी साठत गेलेलं असतं. रॅम दुप्पट केली तर हाच त्रास दुपारऐवजी संध्याकाळी सुरू होईल, एवढाच फरक. एमसीएक्सवर क्रूडचा सौदा करणाऱ्याला तर तेवढाही दिलासा नाही. त्याचं सॉफ्टवेअर सकाळी नऊपासून रात्री साडेअकरापर्यंत, हिवाळ्यात त्याहूनही थोडं जास्त, चालू असतं, आणि अमेरिकेच्या तेलसाठ्याचे आकडे येतात तेच मुळी बुधवारी रात्री आठ-नऊला.

म्हणून हळूहळू मंदावणाऱ्या चार्टिंग सॉफ्टवेअरपुढे बसल्यावर एकच प्रश्न धरून ठेवावा: काय वाढतंय? मेमरी वाढतेय, मोजायच्या कँडल्स वाढताहेत, डिस्कवरच्या फाइली वाढताहेत, रांगेत थांबलेले टिक वाढताहेत, की प्रोसेसरचं तापमान? जे वाढतंय ते सापडलं की अर्ध्याहून जास्त काम झालं.

आधी दोन चाचण्या

कुठलंही सेटिंग बदलण्याआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात, आणि त्या याच क्रमाने. सॉफ्टवेअर मंदावलं की फक्त तेवढंच बंद करून पुन्हा उघडायचं. वेग परत आला तर साठलेली गोष्ट त्या प्रोग्रामच्या पोटात होती. प्रोग्राम बंद होताना विंडोजने ती सगळी परत घेतली. वेग आला नाही तर कॉम्प्युटर रिस्टार्ट करायचा. आता वेग आला, तर दोष बाहेर आहे: मागे चालणारा दुसरा एखादा प्रोग्राम, डेटा आणून देणारं वेगळं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा ब्राउझरचे पंचवीस टॅब. रिस्टार्टनेही फरक पडला नाही, तर जे वाढलंय ते बहुधा वीज गेल्यावरही टिकणारं आहे. ते डिस्कवर आहे आणि तासांत नव्हे, महिन्यांत वाढलेलं आहे.

बरेच लोक मंदावताच सरळ कॉम्प्युटर रिस्टार्ट करतात. त्यात दोन्ही चाचण्या एकमेकींत मिसळतात आणि दोष आत होता की बाहेर, ते कळायचं राहून जातं. पाच मिनिटं वाचतात, पण पुढचे चार दिवस अंदाज करण्यात जातात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ही तपासणी रविवारी होत नाही. बाजार बंद असताना टिक येत नाहीत, त्यामुळे वाढणारी गोष्ट वाढतच नाही. सुट्टीच्या दिवशी शांतपणे बघू म्हणणाऱ्याला सॉफ्टवेअर ठणठणीत दिसतं आणि सोमवारी दुपारी ते पुन्हा बसतं.

तीनशे पंचाहत्तर मिनिटांचं गणित

आपल्याकडे इंट्राडे ट्रेडर्समध्ये लोकप्रिय असलेलं ॲमीब्रोकर पोलंडच्या टोमाश यानेच्को यांनी १९९५ मध्ये लिहिलं ते अमिगा नावाच्या कॉम्प्युटरसाठी; नावातला 'ॲमी' तिथूनच आला. तेव्हा घरबसल्या चार्ट पाहणाऱ्याचा डेटा दिवसअखेरचा असे. दिवसाला एक कँडल, वर्षाला सुमारे २५०, वीस वर्षांच्या ५,०००. आज सव्वानऊ ते साडेतीन या ३७५ मिनिटांत एक मिनिटाच्या ३७५ कँडल्स बनतात. म्हणजे वीस वर्षांत जेवढ्या कँडल्स जमायच्या, तेवढ्या आता एका शेअरच्या चौदा दिवसांत जमतात. चार्टचं रूप तेच राहिलं, त्यामागचा ढीग मात्र भलताच वाढला.

आता इंडिकेटरकडे बघू. वीस कँडल्सचं मूव्हिंग ॲव्हरेज काढायचं आहे. नवी कँडल आली की सरासरीचा एकच नवा बिंदू लागतो. आधीचे सगळे बिंदू जिथल्या तिथे असतात. पण साध्या पद्धतीने लिहिलेला फॉर्म्युला दर वेळी पहिल्या कँडलपासून शेवटच्यापर्यंत सगळं नव्याने मोजतो. समजा चार्ट फक्त आजचा आहे आणि मिनिटाला एकदाच मोजणी होते. पहिल्या मिनिटाला १ कँडल, दुसऱ्याला २, शेवटच्याला ३७५. एकूण मोजण्या ७०,५००. खरं तर लागणार होत्या फक्त ३७५. आता कँडलऐवजी टिकचा चार्ट घ्या, सेकंदाला एक टिक धरा. दिवसात २२,५०० टिक होतात आणि त्याच पद्धतीने मोजण्या होतात २५ कोटी ३१ लाखांच्या घरात. सकाळी दहाला हे काम हलकं असतं, तीनला तेच कित्येक पटींनी जड होतं, आणि वापरणारा तर दिवसभर एकच चार्ट उघडून बसलेला असतो. त्यात एका पडद्यावर सहा चार्ट आणि प्रत्येकावर पाच इंडिकेटर असतील, तर या संख्येला तीसने गुणायचं.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. १,९२० पिक्सेल रुंदीच्या मॉनिटरवर एका कँडलला तीन पिक्सेल दिले तरी सव्वासहाशेच्या आसपासच कँडल्स मावतात. डोळ्यांना तेवढ्याच दिसतात. मागे लाखभर कँडल्स भरलेल्या ठेवून त्या दर सेकंदाला मोजायचं काही कारण नाही. ॲमीब्रोकरमध्ये यासाठी क्विक एएफएल नावाची सोय आहे: चार्टसाठी ती दिसणाऱ्या कँडल्स आणि फॉर्म्युल्याला मागे लागणाऱ्या थोड्या कँडल्स, एवढंच मोजते. पण फॉर्म्युल्याच्या सुरुवातीला कुणी सेटबार्सरिक्वायर्ड हे फंक्शन वापरून सगळ्या कँडल्स मागवलेल्या असतील, तर ही सोय निकामी होते. व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेला फॉर्म्युला उघडून आधी ही ओळ शोधावी. काही फॉर्म्युल्यांना ती खरंच लागते. बाकीच्यांत कुणीतरी कधीतरी चिकटवलेली तशीच पुढे आलेली असते. डेटाबेसच्या सेटिंगमध्येही किती कँडल्स ठेवायच्या याचा आकडा असतो. पंधरा मिनिटांत सौदा कापणाऱ्याने तिथे पाच वर्षांचा डेटा मागायचा आणि मग चार्ट हळू म्हणून तक्रार करायची, हे जुळत नाही.

ट्रेडिंगव्ह्यूसारख्या ब्राउझरमधल्या चार्टवर हीच मर्यादा चालवणाऱ्यांनीच घातलेली आहे. किती जुन्या कँडल्स मिळतील ते खात्याच्या प्रकारावर ठरतं. पाइन स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या इंडिकेटरने लेबलं काढली तर ठरावीक संख्येनंतर जुनी लेबलं आपोआप पुसली जातात. मुद्दाम मागितलं तरी ५०० च्या वर ठेवता येत नाहीत. अनेकांना ही अडवणूक वाटते. माझ्या मते हा त्या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय आहे, कारण वाढणाऱ्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी आधीच कुंपण घातलं.

वेग वाढवायचा दुसरा मार्ग म्हणजे आधीच्या उत्तरात फक्त नवा फरक मिसळत जाणं. नवी किंमत मिळवायची, सर्वांत जुनी वजा करायची. पुन्हा पहिल्यापासून बेरीज नको. मार्ग चांगला आहे, पण त्याची किंमत कशी मोजावी लागते ते कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने दाखवलं. तिथे १९८२ च्या जानेवारीत १,००० अंकांवर नवा निर्देशांक सुरू झाला. दिवसात हजारो वेळा तो आधीच्या आकड्यावरूनच पुढे मोजला जाई, आणि दर वेळी तीन दशांश स्थळांपुढचा भाग जवळच्या अंकाला न नेता सरळ कापून टाकला जाई. कापलेला तुकडा नगण्य असे, पण तो नेहमी एकाच दिशेने जाई. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४.८११ वर उतरला. सगळं नव्याने मोजलं तेव्हा खरा आकडा निघाला १,०९८.८९२. म्हणून फरक मिसळत जाणारा फॉर्म्युला वापरायचा असेल तर अधूनमधून, निदान दिवसातून एकदा, मुळापासून मोजणी करून घ्यावी.

घेतलेली जागा परत न करणं

दुपारच्या दुखण्याचं सर्वांत मोठं कारण मेमरी. प्रोग्राम काम करताना मेमरीची जागा मागतो आणि काम झालं की परत करतो. एखाद्या वाटेवर परत करायचं राहून गेलं तर प्रत्येक फेरीला थोडी जागा अडकत जाते. याला मेमरी लीक म्हणतात. एका फेरीत काही जाणवत नाही, म्हणून चाचणीत ते सुटतं.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ ला गाड्या पाठवण्यासाठी नवी कॉम्प्युटर व्यवस्था पूर्णपणे सुरू केली. पहिल्या दोन दिवसांत ती इतर कारणांनी कोलमडली आणि मग अर्धं काम हाताने, अर्धं कॉम्प्युटरवर असं चालू राहिलं. ४ नोव्हेंबरला पहाटे दोन वाजून गेल्यावर ती आधी मंदावली आणि मग साफ थांबली. चौकशीत निघालं ते असं: सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रामरने कोडचा एक तुकडा तसाच राहू दिला होता. त्यामुळे दर वेळी गाडी पाठवली की सर्व्हरची थोडी मेमरी अडकून पडे. तीन आठवड्यांत सगळी मेमरी संपली. चार्टिंग सॉफ्टवेअर दुपारी बसतं तेव्हा बहुधा असंच घडलेलं असतं. फक्त गाडीच्या जागी टिक असतो, आणि टिक खूप जास्त वेळा येतो.

मेमरी भरत आली की विंडोज तिचा काही भाग डिस्कवर हलवतं. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला शंभरावा भाग. दोन्हींत लाखपटीचा फरक आहे. एसएसडी या दोघांच्या मध्ये येते. म्हणून मंदावणं एका मर्यादेपर्यंत हळूहळू चालतं आणि मग एकदम कोसळतं. त्या क्षणी टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर बराचसा रिकामा आणि डिस्क मात्र १०० टक्के व्यस्त दिसते. ही खूण सापडली की दुसरीकडे शोधायला नको.

टास्क मॅनेजरवर थोडं थांबू, कारण तो प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरवर फुकट आहे आणि बहुतेक जण त्याचं पहिलंच पान बघून तो बंद करतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. 'डिटेल्स' या भागात जा. वरच्या मथळ्यांच्या ओळीवर माउसचं उजवं बटण दाबून 'सिलेक्ट कॉलम्स' घ्या आणि चार रकाने चालू करा: कमिट साइज, हँडल्स, युजर ऑब्जेक्ट्स आणि जीडीआय ऑब्जेक्ट्स. नेहमी दिसणारा मेमरीचा रकाना फसवतो, कारण विंडोजने डिस्कवर हलवलेला भाग त्यात धरलेला नसतो. कमिट साइज प्रोग्रामने एकूण किती जागा मागून ठेवली आहे ते सांगतो. हे चार आकडे सकाळी साडेनऊ, अकरा, साडेबारा, दोन आणि सव्वातीनला वहीत लिहा. प्रोग्राम सुरू झाल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास आकडे वाढतातच. डेटा भरला जात असतो, त्यात काही गैर नाही. पुढे ते एका पातळीवर स्थिरावले पाहिजेत. दुपारपर्यंत सरळ रेषेत चढतच राहिले, तर गळती आहे. एकदा पाहून काही कळत नाही. आकडा मोठा आहे की नाही यापेक्षा तो थांबतो की नाही, हे महत्त्वाचं.

यातला जीडीआयचा रकाना चार्टवाल्यांनी खास बघावा. रेषा, रंग आणि अक्षरं उमटवण्यासाठी विंडोज प्रोग्रामला पेन, ब्रश, फाँट अशी साधनं मोजून देतं. एका प्रोग्रामला नेहमीची मर्यादा १०,००० ची. समजा एखाद्या प्लगिनमध्ये चूक आहे आणि चार्ट दर सेकंदाला नव्याने काढताना एकच पेन परत करायचं राहतं. १०,००० सेकंद म्हणजे दोन तास, सेहेचाळीस मिनिटं, चाळीस सेकंद. सव्वानऊला सुरू केलं तर बारा वाजून पहिल्याच मिनिटाला मर्यादा संपते. मग मेनू कोरे दिसतात, अक्षरं गायब होतात, चार्टचा एखादा तुकडा काळा पडतो. अशा वेळी रॅम निम्मी रिकामी असते, म्हणून रॅम वाढवणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. रोज ठरावीक वेळी, जवळजवळ घड्याळ लावून बिघडणारा चार्ट दिसला की मी आधी या रकान्याकडे बघायला सांगतो, आणि शंका मूळ सॉफ्टवेअरपेक्षा बाहेरून आणून जोडलेल्या प्लगिनवर घ्यायला सांगतो.

गळती नेहमी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचीच असते असंही नाही. आपला फॉर्म्युलाही तेच करू शकतो. ॲमीब्रोकरमध्ये स्टॅटिक व्हेरिएबल नावाची सोय आहे. फॉर्म्युला संपला तरी त्यात ठेवलेली किंमत प्रोग्राम बंद होईपर्यंत जिवंत राहते. आधीचा सिग्नल लक्षात ठेवायला ती फार उपयोगी पडते. आता कुणी त्या व्हेरिएबलच्या नावात शेअरचं नाव घातलं तर पन्नास शेअर्सची पन्नास नावं होतात, आणि नवी किंमत जुनीच्या जागी बसते. पण नावात शेअरबरोबर वेळही घातली, की दर मिनिटाला नवं नाव तयार होतं आणि जुनं कधीच पुसलं जात नाही. पन्नास शेअर्सची ३७५ मिनिटांत १८,७५० नावं. त्यात एकेकच आकडा असेल तर निभावेल. पण पूर्ण चार्टएवढी रांग साठवली असेल, तर लाख कँडल्सच्या एका रांगेला चार लाख बाइट लागतात, आणि अशा अडीच हजार रांगांत एक जीबी खपते. उपाय एका ओळीचा आहे: काम झालं की स्टॅटिकव्हाररिमूव्ह लिहून जुनं नाव काढून टाकायचं, किंवा नावातून वेळ वगळायची. तपासताना लिहिलेल्या ट्रेसच्या ओळीही याच जातीच्या. फॉर्म्युला तयार झाल्यावर त्या काढल्या नाहीत, तर लॉगची खिडकी दिवसभर भरत राहते.

एक जुनी मर्यादाही इथेच सांगतो. निफ्टी ५०० मधल्या सगळ्या शेअर्सचा एका वर्षाचा मिनिटाचा डेटा म्हणजे सुमारे ४ कोटी ६९ लाख कँडल्स. एका कँडलला ४० बाइट धरले तर १.९ जीबीच्या आसपास होतात. ३२ बिटच्या प्रोग्रामला विंडोजवर साधारणपणे २ जीबीच जागा वापरता येते, मग कॉम्प्युटरमध्ये ३२ जीबी रॅम का असेना. सगळ्या शेअर्सवर स्कॅन चालवणाऱ्याने प्रोग्रामची ६४ बिटची आवृत्तीच घ्यावी. मात्र प्लगिनही ६४ बिटचं आहे ना, ते आधी पाहावं.

एक्स्पायरी झालेली काँट्रॅक्ट्स

तासांत नव्हे तर महिन्यांत येणारं मंदावणं निराळं. त्याचं आपल्या बाजारातलं खास कारण म्हणजे ऑप्शन्स. निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीत दर पन्नास अंकांना एक स्ट्राइक असते. समजा तुम्ही दर आठवड्याला चाळीस स्ट्राइक्सचे कॉल आणि पुट बघता. ही ऐंशी नवी सिम्बॉल्स. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत ४,१६० होतात, आणि त्यातली चालू आठवड्याची ऐंशी सोडली तर सगळी मेलेली. त्यांच्यात पुन्हा कधी सौदा होणार नाही. पण डेटाबेसमध्ये ती तशीच राहतात, सॉफ्टवेअर उघडताना यादीत येतात, आणि स्कॅनमध्ये 'सगळी सिम्बॉल्स' निवडलं की त्यांचीही मोजणी होते.

ॲमीब्रोकर प्रत्येक सिम्बॉलची वेगळी फाइल ठेवतं आणि त्या फाइली सिम्बॉलच्या पहिल्या अक्षराच्या फोल्डरमध्ये घालतं. डेटाबेसचं फोल्डर उघडून त्यातलं 'एन' अक्षराचं फोल्डर बघा. निफ्टीच्या दोन वर्षांपूर्वीच्या स्ट्राइक्स तिथे रांगेने बसलेल्या दिसतील. त्या फाइली विंडोजमधून परस्पर उडवू नका. सिम्बॉल्सची यादी ब्रोकर.मास्टर या वेगळ्या फाइलमध्ये असते आणि दोन्हींत मेळ राहिला पाहिजे. आधी पूर्ण डेटाबेसची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. मग सॉफ्टवेअरच्याच सिम्बॉल मेनूतून, ऑर्गनाइझ असाइनमेंट्समध्ये जाऊन एक्स्पायरी झालेली काँट्रॅक्ट्स काढा. त्याहून चांगली रीत म्हणजे शेअर्सचा डेटाबेस वेगळा आणि ऑप्शन्सचा वेगळा ठेवणं. ऑप्शन्सचा दर तिमाहीला नवा सुरू करायचा, जुना बॅकटेस्टिंगसाठी बाजूला.

हजारो लहान फाइली असल्या की अँटिव्हायरसही आड येतो. प्रत्येक फाइल लिहिताना तो ती तपासतो. डेटाबेसचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळता येतं, पण फक्त तेवढंच वगळावं. डाउनलोड केलेली प्लगिन्स जिथे उतरतात ते फोल्डर कधीही वगळू नये.

पडदा हळू, की डेटा उशिरा?

ही दोन दुखणी दिसायला सारखी असतात आणि दोन्हींची औषधं वेगळी. चार्टवरच्या शेवटच्या टिकची वेळ बघा आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडा. क्लिकला उत्तर लगेच मिळतंय, पण टिक वीस सेकंद जुना आहे: मग डेटा मागे पडतोय. टिक ताजा आहे, पण स्क्रिप बदलायला वेळ लागतो: मग फॉर्म्युला किंवा चार्ट काढणं जड झालंय. ही दुसरी शंका आली तर ॲमीब्रोकरच्या प्रेफरन्सेसमध्ये चार्ट टायमिंग दाखवायची सोय चालू करावी. प्रत्येक चार्टला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. जो चार्ट सकाळी आणि दुपारी सारखाच वेळ घेतो तो सोडून द्या. ज्याचा आकडा चढत जातो तो पकडा.

डेटा मागे पडण्याचं कारण नेहमी इंटरनेटच असतं असं नाही. टिक येण्याचा वेग आणि ते हाताळण्याचा वेग यांत फार थोडं अंतर उरलं की रांग तयार होते. अशा रांगांच्या गणिताचा पाया डेन्मार्कच्या एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०९ च्या सुमाराला घातला. त्यातलं सर्वांत साधं सूत्र असं सांगतं: काम क्षमतेच्या निम्मं असेल, तर थांबण्यासकट लागणारा वेळ मूळ वेळेच्या दुप्पट. काम ९० टक्क्यांवर गेलं की दहापट, ९९ टक्क्यांवर शंभरपट. खालापूरच्या टोलनाक्यावर शनिवारी सकाळी गाड्या थोड्याच वाढतात आणि रांग मैलभर जाते, तसंच हे. म्हणून शंभर सिम्बॉल्सची वॉचलिस्ट रोज सुरळीत चालते आणि एक्स्पायरीच्या दिवशी तीन वाजता तीच दोन मिनिटं मागे पडते. उपाय सिम्बॉल्स कमी करण्याचा. ज्या शेअरमध्ये या आठवड्यात सौदा करायचाच नाही, तो थेट डेटाच्या यादीत कशाला हवा?

उन्हाळ्यात एक कारण आणखी जोडलं जातं. अकोल्याला, चंद्रपूरला किंवा जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि लॅपटॉपमध्ये धूळ बसलेली असली की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. हेही सकाळी ठीक आणि दुपारी मंद असंच दिसतं. पण खूण वेगळी: सॉफ्टवेअर बंद करून उघडलं तरी वेग येत नाही, आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात सीपीयूपुढचा गिगाहर्ट्झचा आकडा सकाळपेक्षा पडलेला असतो. पंखा साफ करून घ्यावा, लॅपटॉप गादीवर ठेवू नये. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा लॅपटॉपही वेग उतरवतो, तेही याच आकड्यावरून कळतं.

दोषी नेमका कोण ते ठरवायला निम्मं-निम्मं करत जावं. बारा चार्ट उघडे असतील तर सहा बंद करून एक दिवस काढा. मेमरीची चढण थांबली तर दोषी बंद केलेल्या सहांत आहे. नाही थांबली तर उरलेल्यांत. मग तीन, मग दीड-दोन. चार दिवसांत एका चार्टपर्यंत पोचता येतं, आणि त्या चार्टवरचे इंडिकेटर असेच निम्मे करत एका फॉर्म्युल्यापर्यंत. एका वेळी एकच बदल करायचा. सगळं एकदम बदलून चार्ट सुधारला, तर तो कशामुळे सुधारला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या अपडेटनंतर दुखणं परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि दोषी सापडेपर्यंत? दुपारी बाराच्या शांत वेळी सॉफ्टवेअर बंद करून उघडणं हा लाजिरवाणा उपाय मुळीच नाही. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमधल्या येन्नुन ह्वांग, चंद्र किंताला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हीच कल्पना शास्त्रीय रीतीने मांडली: दीर्घकाळ चालणारं सॉफ्टवेअर थकत जातं, तर ते कोसळायची वाट न पाहता आपल्या सोयीच्या वेळी ते मुद्दाम बंद करून ताजं करावं. फक्त त्या दोन मिनिटांत उघड्या पोझिशनचा स्टॉपलॉस तुमच्या चार्टच्या फॉर्म्युल्यात अडकलेला नको. तो ब्रोकरकडे, ऑर्डर म्हणून नोंदलेला हवा. चार्ट बंद असताना फॉर्म्युल्यातला स्टॉपलॉस चालत नाही, आणि गोठलेल्या चार्टवरही चालत नाही.

सॉफ्टवेअर किंवा प्लगिन बनवणाऱ्यांना लिहाल तेव्हा 'चार्ट हँग होतो' एवढंच लिहू नका. त्यावर त्यांना काहीच करता येत नाही. आवृत्तीचा क्रमांक, किती चार्ट, किती सिम्बॉल्स, कोणता फॉर्म्युला, आणि वहीतले ते चार रकाने वेळेसकट पाठवा. जीडीआयचा आकडा साडेनऊला अमुक आणि बाराला तमुक, असं लिहिलेलं पत्र प्रोग्रामरला थेट चुकीच्या ओळीपर्यंत नेऊ शकतं.